दोन कड्यांचं घर

दशरथ घाडीच्या दोन्ही हातांना मिळून दहा बोटं होती आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. ज्याने कधी पॉवर प्रेस चालवला नाही, त्याला यात मिरवण्यासारखं काय ते कळायचं नाही. मुलुंडच्या एका कारखान्यात दशरथ अठ्ठावीस वर्षं प्रेसवर होता. खाली पत्रा सरकवायचा, वरून टनावारी वजनाचा ठोकळा येतो आणि पत्र्याचं झाकण होतं. हात मध्ये राहिला तर हाताचंही होतं. म्हणून मशीनला दोन बटणं असायची, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली यायचा. दोन्ही हात बटणांवर असले की आत जाणार काय? पण माल लवकर काढायच्या नादात शहाणी माणसं एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवायची. एका हाताने पत्रा, एका हाताने बटण. वर्षभर काही व्हायचं नाही. मग एका दिवशी व्हायचं. शेजारच्या मशीनवरच्या बाळा सावंताची चार बोटं दशरथने स्वतः पत्र्यांतून वेचून रुमालात बांधून दिली होती.

दशरथने पाचर कधी ठोकली नाही. लोक त्याला घाबरट म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडल्यावर त्याने भाषण केलं नाही, नुसते दोन्ही पंजे वर करून दाखवले.

आता वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याच्या घरात दोन बटणांच्या जागी दोन कड्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात एक कडी मुलाच्या, नितेशच्या, बेडरूमच्या दाराला होती, बाहेरून. दुसरी होती पॅसेजच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी जाळीच्या फाटकाला. ते फाटक दशरथने स्वतः भिंतीत ठोकलं होतं. बेडरूमच्या दारामागे मोठा कुत्रा मेजर आणि फाटकाच्या अलीकडे छोटी कुत्री बुंदी. एक कडी उघडली की दुसरी लागलेली पाहिजे. मेजरला फिरायला न्यायचं तर आधी बुंदी दशरथच्या खोलीत जायची, तिच्यामागे दार लागायचं, आणि मगच त्या धिप्पाड जनावराला बाहेर काढायचं. दिवसातून चार वेळा ही कवायत चालायची, आणि ती कवायत एकटा दशरथ करायचा.

बुंदी कमळची. कमळ म्हणजे दशरथची बायको. ती मुलुंड पश्चिमेला एका गुजराती घरी स्वयंपाकाला जायची. ती माणसं परदेशी निघाली तेव्हा त्यांनी कपाट एकाला दिलं, कुंड्या दुसऱ्याला दिल्या आणि तीन महिन्यांचं पॉमेरियनचं पिल्लू कमळच्या पिशवीत घातलं. घरी आल्या आल्या त्या पिल्लाने गणपतीच्या प्रसादाची बुंदी वाटीसकट लोळवून फस्त केली, आणि नाव पडलं. साडेचार किलोचं जनावर, पण खाण्याच्या बाबतीत महा आपमतलबी. ताटलीवर तोंड असताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायची. कमळवरसुद्धा गुरगुरायची. कमळ म्हणायची, "गुरगुर बाई, तुझा सासुरवास मला चालतो."

अडीच वर्षांपूर्वी कमळ गेली. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास गेला, तास गेला. जमलेल्यांनी रीतीप्रमाणे एकेक सांगून पाहिलं. नितेशने सांगितलं की मी बाबांना बघीन. सून श्रुतिका म्हणाली की तुमचे देव मी सांभाळीन. कावळे कठड्यावर बसून मान तिरकी करून ऐकत होते, पण खाली येत नव्हते. शेवटी दशरथ पुढे झाला. सगळ्यांसमोर बोलायला त्याला लाज वाटत होती. "कमळ," तो म्हणाला, "बुंदीला मी सांभाळीन. तिला काय होऊ देणार नाय." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्याने भाताची ढेप उचलली. त्या दिवसापासून बुंदी ही दशरथच्या लेखी नुसती कुत्री राहिली नाही. बायकोने जाताना मागितलेली ती एकच गोष्ट होती.

आणि मग वर्षभरापूर्वी, दसऱ्यानंतरच्या रविवारी, नितेश मेजरला घेऊन आला. रॉटवायलर. काळाभोर, छातीवर तांबूस ठसे, मान दशरथच्या मांडीएवढी. नितेशच्या प्रीतम नावाच्या मित्राने हौसेने घेतला होता. त्याच्या सोसायटीने बोंब मारली म्हणून त्याने तो नितेशच्या गळ्यात घातला. गळ्यात घातला हे दशरथचं म्हणणं. नितेशला वाटत होतं लॉटरी लागली. नितेश गाड्यांच्या शोरूममध्ये दिवसभर लोकांना सर सर करायचा. संध्याकाळी या कुत्र्याला घेऊन रस्त्यावरून चाललं की लोक फुटपाथ सोडून खाली उतरायचे. हे सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. त्याने मेजरचे गॉगल घातलेले फोटो मोबाईलवर टाकले. त्याची विष्ठा मात्र बाप उचलायचा.

"घरात छोटी कुत्री आहे रे," दशरथ पहिल्या दिवशी म्हणाला.

"होईल सवय, बाबा. टेन्शन नका घेऊ ना."

एवढं बरं की श्रुतिकाने ओळखीतून क्षमा नावाची कुत्र्यांना शिकवणारी मुलगी बोलावली. ती चार रविवार आली. पहिल्या रविवारी नितेशने तिच्याबरोबर फोटो काढला, बाकीचे तीन त्याला झोप आवरली नाही. शिकला तो दशरथ. जमिनीवर मांडी घालून, चष्मा लावून, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने नियम लिहून घेतले आणि ते पान फ्रिजवर चिकटवलं.

"काका, मेजर वाईट नाही," क्षमा म्हणाली होती. "तो कोणाचा दुष्मन नाही. पण त्याला चूक करायला दोन सेकंद पुरतात आणि बुंदीला ती एकच चूक पुरते. दोघांना एकत्र जेवायला द्यायचं नाही, कधीच नाही. खाणं असेल तिथे दार बंद. मेजर दमलेला पाहिजे, पोट भरलेलं पाहिजे. बाहेर मोकळ्यावर दोघांना लांबलांब चालवा, पट्टा दोन माणसांच्या हातात. आणि हे तोंडाला घालायचं, याची सवय लावा." तिने जाळीचं मुस्कं पुढे केलं.

"मुस्कं काय, तो काय पिसाळलाय?" नितेश आतून ओरडला.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," क्षमा दशरथलाच म्हणाली, "बरेच दिवस काही झालं नाही म्हणून ढील द्यायची नाही."

दशरथ हसला. ही पोरगी प्रेसवर टिकली असती, असं त्याला वाटलं.

वर्षभर खरंच काही झालं नाही. दशरथ पहाटे उठून मेजरला मिठागराच्या रस्त्याला तासभर ओढून आणायचा, म्हणजे मेजर त्याला ओढायचा. मेजर दमून परत आला की शहाण्यासारखा पडून राहायचा. खरं सांगायचं तर दशरथला तो आवडायलाही लागला होता. रोज सकाळी कडी काढल्यावर मेजर आपलं जड डोकं त्याच्या गुडघ्यावर टेकवून उभा राहायचा. पण कड्या त्या कड्या. आणि वर्षभर काही झालं नाही, म्हणूनच त्या कड्या घरात सगळ्यांना टोचायला लागल्या. मेजर हॉलमध्ये आला की बुंदी आणि दशरथ खोलीत. संध्याकाळी नितेश घरी आला की मेजर हॉलमध्येच असणार, म्हणजे दशरथचं रात्रीचं ताट खोलीतच जाणार. बाप आत खाटेवर बसून जेवायचा, मुलगा-सून बाहेर टीव्हीसमोर. वर्षभर हे असंच चाललं होतं. नितेश येणाजाणाऱ्याला हसत सांगायचा, "आमच्याकडे जेलर आहेत." हसणं वरवरचं होतं हे दशरथला कळायचं.

पितृपक्ष लागला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला घालतात, तसं कमळचं नवमीला. जेवायला सवाष्ण लागते म्हणून बोरिवलीहून कमळची धाकटी बहीण मालन आली. मालन बोलायला फटकळ, मनाने प्रेमळ आणि कर्मकांडात भटजीच्या वर. शिवाय तिला साखरेचा आजार. सकाळची गोळी घेऊन आली होती, पण पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कोणाच्या तोंडात पाणीसुद्धा जाणार नाही, हा दंडक तिचाच.

त्या गडबडीत दशरथची पहाट चुकली. भाजी, केळीची पानं, दर्भ आणायला त्याला बाजारात जावं लागलं. "मेजरला तू फिरव," असं त्याने नितेशला दोनदा सांगितलं. नितेशने दहा मिनिटं खाली नेऊन आणला. आज घरात कोंबडी शिजणार नव्हती, त्यामुळे मेजरचं भांडंही रिकामंच राहिलं. बुंदीला दशरथने बाथरूममध्ये नेऊन चोरून दोन बिस्किटं चारली. मेजरचा विचार त्याच्या मनात आला, पण एवढ्यात मालनने हाक मारली आणि तो तसाच गेला.

बारा वाजता वडे तळून झाले. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर, सगळं कमळच्या हातचं असायचं तसं. दशरथ पान घेऊन गच्चीवर गेला. घर चौथ्या मजल्यावर, वर लगेच गच्ची, मध्ये एक जिना. पान टाकीच्या कट्ट्यावर ठेवलं, पाणी फिरवलं आणि तो बाजूला उभा राहिला.

कावळे होते, अगदी पाच-सहा. पण आठ दिवस घराघरांतून वडे आणि खीर खाऊन ते सुस्तावले होते. एक समोरच्या इमारतीच्या डिश अँटेनावर बसून चोच पुसत होता. कबुतरं मात्र नको तेवढी आली. दशरथ त्यांना हाकलत राहिला. साडेबारा झाले, एक झाला. वरून ऊन आणि खालून मेजरचं भुंकणं. तळणीचा वास त्याच्यापर्यंत पोचला होता.

"कमळ," दशरथ हळूच म्हणाला, "बुंदी बरी आहे. मी शब्द पाळलाय."

डिशवरचा कावळा उडाला आणि दुसऱ्या डिशवर बसला.

सव्वाला तो खाली आला. मालन खुर्चीत बसली होती, कपाळाला घाम होता आणि हाताला बारीक कंप. श्रुतिका तिला पदराने वारा घालत होती. "मावशी, निदान साखर तरी तोंडात टाका," ती म्हणत होती. मालन मान हलवत होती.

"दर्भाचा कावळा करून टाकू या," नितेश म्हणाला. "चालतं ते. नेटवर पण दिलंय."

"दर्भाचो कावळो?" मालन थकलेल्या आवाजातही कडाडली. "म्हणजे तायक दारातसून उपाशी धाडूची? भावजी, तिच्या मनात कायतरी ऱ्हवलां हा."

"बुंदीचं मी सांगितलं," दशरथ म्हणाला. "नाय शिवला."

आतून मेजरने दारावर अंग टाकलं. दार हादरलं. मालनने तिकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग दशरथकडे.

"शिवतलो कसो? ह्या घरात बघशात थंय कड्यो. एक जीव सकाळपासून कोंडून ठेवलेलो, उपाशी. आजच्या दिवशी दारातल्या जीवाक कोण उपाशी ठेवता? आणि तुमी बापूस-लेक. वर्षभर एका जाग्यार बसून जेवलास नाय, माका श्रुतिकान सगळा सांगितल्यान. तायक काय लागायचा? सगळी एका पंगतीक. आठवता मां?"

दशरथला आठवत होतं. कमळ कधी कोणाला एकटं जेवू द्यायची नाही. नितेश कॉलेजातून तीनला आला तर ती तीनपर्यंत थांबायची आणि दशरथलाही थांबवायची. खाटेवर बसून एकट्याने जेवताना त्याला रोज तेच आठवायचं आणि घास फिरायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मालनने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"खरंय मावशी," नितेश म्हणाला. "मी कधीपासून सांगतोय. यांनी घराचं जेल करून ठेवलंय. आईला हे बघवत नसणार."

"क्षमाने काय सांगितलंय?" दशरथने फ्रिजकडे हात केला. "खाणं असताना तर नाहीच."

"क्षमा, क्षमा. वर्ष झालं बाबा. काय झालंय? एकदा तरी काय झालंय? मी धरतो ना त्याला. कॉलर माझ्या हातात राहील. तो माझं ऐकतो."

"मुस्कं घाल मग."

"मुस्कं घातल्यावर तो पान खाणार कसा?" नितेश म्हणाला. हे मात्र बरोबर होतं. कुत्र्याचंही एक पान या दिवशी काढतात आणि मालनने आज दोन काढली होती, कारण घरात कुत्री दोन. एकाला दिलं नि दुसऱ्याला नाही असं तिला चालणार नव्हतं.

दशरथने मालनकडे बघितलं. ती खुर्चीची कड घट्ट धरून बसली होती. ही बाई आपल्या घरात, आपल्या बायकोच्या पानापायी चक्कर येऊन पडेल, अशी त्याला भीती वाटली. पण ती भीती निमित्त होती. खरं कारण हे की कमळ रुसली आहे, ही गोष्ट त्याला सहन होत नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्याला सुपरवायझर शिव्या घालून पाचर ठोकायला लावू शकला नव्हता. आज त्याच्यावर कोणी ओरडलंसुद्धा नाही.

त्याने फाटकाची कडी काढली. मग आत जाऊन, स्वतःच्या हाताने, बेडरूमच्या दाराची काढली.

मेजर बाहेर आला तो नितेशच्या मुठीत कॉलर देऊन. हॉलमध्ये येताच त्याने बुंदीला हुंगलं. बुंदी ताठ उभी राहिली आणि मग शेपटी हलवून बाजूला झाली. मेजरनेही आपलं खुंटाएवढं शेपूट हलवलं. श्रुतिका हसली. "बघा ना बाबा, किती गोड." मालनने एक पान हॉलच्या या टोकाला ठेवलं, दुसरं त्या टोकाला. नितेश मेजरशेजारी गुडघ्यावर बसला, कॉलर दोन्ही हातांत. बुंदी आपल्या वड्यापाशी आडवी झाली, दोन पंजांत वडा धरून. सगळे एका खोलीत होते. वर्षात पहिल्यांदा.

दशरथ हे बघत राहिला आणि त्याला वाटलं की आपण वर्षभर उगाच मूर्खासारखे वागलो. हा विचार त्याला इतका हलकं करून गेला की त्याचे डोळे भरून आले.

"जावा आता वर," मालन म्हणाली. "सांगा तिका."

तो जिना चढून गेला. कट्ट्यापाशी हात जोडून उभा राहिला. "कमळ, सगळे एकत्र बसलेत गं. मेजरपण, बुंदीपण. मीपण आता तिथेच बसणार. ये."

डिशवरचा कावळा उडाला. आधी टाकीवर बसला, मग कट्ट्यावर, मग दोन उड्या मारत पानाशी आला. त्याने दशरथकडे बघितलं आणि वडा चोचीत उचलला.

आनंदाने माणूस जसा वागतो तसाच दशरथ वागला. तो जिन्याच्या तोंडाशी धावला आणि खाली ओरडला, "शिवला रे! शिवला!"

खाली काय झालं ते त्याला नंतर श्रुतिकाने रडत रडत सांगितलं. त्यात कोणाची म्हणावी अशी चूक नव्हती. हाक ऐकू आली आणि घरातल्या माणसांनी जे करायचं तेच केलं. मालनने डोळे मिटून नमस्कार केला. श्रुतिकाने केला. नितेशने आईसाठी हात जोडले. दोन्ही हात जोडले. मेजरचा वडा कधीच संपला होता, बुंदीचा अर्धा राहिला होता. मेजर चार पावलं चालत गेला, धावतसुद्धा नव्हता. बुंदी गुरगुरली, जशी ती कमळवरही गुरगुरायची.

जिन्यावर दशरथला एकच आवाज आला, बारीक आणि तुटका. तो खाली पोचला तेव्हा मेजरने तिला सोडलंही होतं. तो खोलीच्या मधोमध कान पाडून उभा होता, आपलं काय चुकलं हे न कळल्यासारखा. दशरथला बघून तो पुढे आला आणि रोजच्या सवयीने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवायला गेला. दशरथने त्याला ढकललं नाही. त्याने त्याची कॉलर धरली, त्याला बेडरूममध्ये नेलं, कडी घातली. परत येताना फाटकाचीही घातली. मग तो टीव्हीच्या टेबलापाशी पडलेल्या बुंदीजवळ खाली बसला. डॉक्टरकडे नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्धा वडा अजून तिथेच होता.

नितेश भिंतीला टेकून उभा होता, पांढरा फटक पडलेला. त्याचे जोडलेले हात तसेच छातीशी राहिले होते. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो बोलला, "कडी तुम्हीच काढलीत, बाबा."

कडी त्यानेच काढली होती.

मालन मात्र थोड्या वेळाने उठली, दशरथजवळ आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हुंदके देत म्हणाली, "रडू नकात, भावजी. आता समाजला माका. तायचा लेकरू होता ता. तिका ताच होया होता, म्हणान शिवत नाय होती. तायनं न्हेल्यान तिका."

खोलीतला ताण तिथेच सैल झाला. दशरथला ते डोळ्यांनी दिसलं. नितेशने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. श्रुतिकाने डोळे पुसून मान हलवली, "हो ना, बघा ना, कावळा शिवला आणि त्याच क्षणी." किती सोयीचं होतं. मेजर निर्दोष, नितेश निर्दोष, मालन निर्दोष, आणि जिने मरताना एवढंच मागितलं होतं की या कुत्रीला जपा, ती कमळ गुन्हेगार. दशरथला इतका संताप आला की कानात घणघण व्हायला लागलं. ओरडून सांगावंसं वाटलं की माझ्या बायकोवर टाकू नका, ती कोणाचा जीव मागणारी नव्हती, आपण पाचर ठोकली, मी ठोकली. पण मालन घामाने निथळत होती आणि तिच्या पोटात सकाळपासून गोळीशिवाय काही नव्हतं.

"तू जेव," तो म्हणाला. "पान शिवलंय. सवाष्णीने उपाशी राहू नये."

आणि ते जेवले. पानाला कावळा शिवल्यावर अन्न ठेवता येत नाही. आतल्या खोलीत कमळच्या जुन्या पातळात बुंदीला गुंडाळून बसलेल्या दशरथला बाहेरून ताटांचे आवाज येत होते. हळूहळू बोलणंही सुरू झालं. खीर छान झाली होती असं मालन म्हणाली.

संध्याकाळी त्याने बुंदीला मिठागराच्या कडेला पुरलं. नितेश फावडं घेऊन बरोबर आला, पण दशरथने फावडं त्याच्याकडून घेतलं आणि खड्डा स्वतः खणला. सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोकांनाही मालनचं म्हणणंच आवडलं. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, जो भेटेल तो म्हणायचा, "काय योगायोग बघा घाडीकाका, नवमीलाच. वहिनींनी नेलं हो." दशरथ हो म्हणायचा.

चौथ्या दिवशी सकाळी श्रुतिकाने फ्रिजवरचं कॅलेंडरचं पान काढलं. घडी घालून ते दशरथसमोर धरलं. "आता हे लागणार नाही ना, बाबा?" ती हळुवारपणे म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दशरथने पान घेतलं आणि खिशात ठेवलं. दुपारी नितेशने ड्रिल मशीन आणून पॅसेजचं फाटक काढलं. भिंतीत चार भोकं राहिली. ती त्याने पुट्टीने भरली आणि म्हणाला, "घर किती मोठं वाटतंय."

रात्री नितेशने खोलीच्या दारात येऊन हाक मारली. "बाबा, बाहेर या ना. एकत्र बसू."

दशरथ गेला. हॉलमध्ये चटया घातल्या होत्या, कमळ घालायची तशा. मेजर पोटभर जेवून टीव्हीच्या टेबलापाशी पसरला होता, त्याचं जड डोकं दशरथच्या पावलाला लागून होतं. श्रुतिकाने वाढलं. घर कुठेच बंद नव्हतं. सगळे एका पंगतीला बसले होते, जे कमळला हवं होतं म्हणे ते अगदी जसंच्या तसं.

"जेवा ना, बाबा," नितेश म्हणाला.

दशरथने दोन्ही हात ताटावर धरले आणि बघत राहिला. दहाच्या दहा बोटं जागेवर होती.